पाणी ज्याचं, राखण त्याची

उरणच्या मुलांबद्दल बाहेरच्यांचा आणि खुद्द उरणकरांचाही एक पक्का समज आहे. ही मुलं पाण्याला भीत नाहीत, त्यांना पोहायला शिकवावं लागत नाही. समज होण्यासारखीच जागा आहे म्हणा. एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी. करंज्याला मासेमारीचं बंदर, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच, घारापुरीचं बेट तालुक्याच्याच हद्दीत आणि पावसाळा लागला की भातखाचरं काठोकाठ. अशा गावातलं पोर बुडेल कसं?

तरीही उरण, उलवे, पनवेलच्या पट्ट्यातून मुलं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. नीट वाचल्या तर त्यांतल्या बऱ्याच बातम्यांत समुद्र नसतोच. बांधकामासाठी खोदून ठेवलेला खड्डा असतो, बंद पडलेली दगडखाण असते, तलाव, नाला नाहीतर धरणाची मागची बाजू असते. मूल नऊदहा वर्षांचं, सोबत त्याच्याच वयाची दोन मुलं, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: पाण्याचा अंदाज न आल्याने. हे वाक्य वाचलं की मला राग येतो. मागच्या उन्हाळ्यात पोकलेनने खणलेल्या आणि पहिल्या पावसात भरलेल्या खड्ड्याचा अंदाज नऊ वर्षांच्या मुलाला कुठून यावा? तो ज्याने खणला त्याला येऊ शकत होता. बातमीत त्याचा उल्लेखही नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्यात मूल बुडतं तेव्हा आपण मुलाची चूक शोधतो, आईबापाची शोधतो, नशिबाची शोधतो. पाण्याच्या मालकाची शोधत नाही. उरणसारख्या तालुक्यात गेल्या पन्नासेक वर्षांत पाणी नव्याने निर्माण झालं आहे. कुणीतरी ते अडवलं, साठवलं, खोल केलं. त्याची राखण करणं हे त्याचं काम आहे, आणि ते त्याच्याकडून करून घेणं हे आपलं.

पूर्वीचं पाणी सुरक्षित होतं असं नाही. समुद्राने कोळीवाड्यांतून किती माणसं नेली ते त्या घरांनाच ठाऊक. पण त्या पाण्याची माहिती गावभर वाटलेली होती. करंज्याच्या किंवा मोऱ्याच्या म्हाताऱ्या माणसाला भरती कधी हे विचारलं तर तो घड्याळाआधी तिथी बघतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास येते. तेव्हाच उधाण असतं, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यांत कमी. मुंबई बंदराच्या या भागात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे सकाळी जिथे पोरं चिंबोऱ्या आणि निवट्या शोधत फिरत होती तिथे दुपारी मोठं माणूस उभं बुडेल. त्यातही पाणी समोरून येईल असं धरून चालत नाही. आधी ते खाडीच्या वाटांनी पाठीमागून शिरतं, आणि चिखलात पुढे गेलेल्या माणसाचा परतीचा रस्ता बंद करतं. हे सगळं पुस्तकात वाचून कुणी शिकलं नव्हतं. आई कालवं काढायला जायची, मूल तिच्याबरोबर जायचं, आणि ती उठली की तेही उठायचं.

पोहणंही असंच शिकवलं जाई. घाट असो की कोकण, विहिरीवर नेऊन पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि काठावर काका, मामा, थोरला भाऊ कुणीतरी बसायचा. बिंडा सुटण्याआधी बरेच दिवस जात. ‘मुलं आपोआप शिकली’ असं आपण आज म्हणतो तेव्हा काठावर बसलेला तो माणूस विसरतो. मिठागरात, खाजणात, बांधावर दिवसभर मोठी माणसं कामाला असत. मूल कुणाचंही असलं तरी ओरडायचा अधिकार सगळ्यांना होता. आगरी-कोळी मुलांची पाण्यातली हुशारी जन्मजात नव्हती. तिच्यामागे माणसांची ही सततची हजेरी होती.

बांधांचंही तसंच. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात खाडीकाठी जे बांध घातले गेले, त्यांची दुरुस्ती हे सगळ्या शेतकऱ्यांचं सामाईक काम होतं. बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री गाव धावायचं, कारण एका उधाणात साऱ्यांचं पीक जायचं. पुढे खारभूमीचे कायदे आले, १९४८ चा आणि नंतर १९७९ चा, आणि ते काम सरकारी खात्याकडे गेलं. खात्याने काय केलं, काय केलं नाही हा वेगळा विषय आहे. इथे मुद्दा हा की अडवलेल्या पाण्याला राखणदार असतो ही गोष्ट या भागाला नवी नाही.

मग १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पाच जणांनी प्राण दिले. ते आंदोलन जमिनीच्या मोबदल्यासाठी होतं. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. पुढे कंटेनर यार्ड आले, द्रोणागिरीचा भराव झाला, आणि १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू व उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. जमिनीचा हिशेब आपण पन्नास वर्षं मांडतो आहोत आणि मांडायलाच हवा. पाण्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. भरावासाठी मुरूम आणि दगड लागला, तो डोंगरातून आला, डोंगरात खाणी झाल्या, खाणी संपल्या आणि पावसाने भरल्या. भरावाने जमीन उंच झाली, जुनी गावं खोलगटात गेली, त्यांचं पाणी निघेना. नाले रुंद आणि उभ्या भिंतींचे झाले. भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घ्यायला धारण तलाव आले. मिठागराच्या वाफ्यात मूल पडलं तर अंगाला मीठ लागायचं, गुडघे खरचटायचे. काँक्रीटच्या उभ्या काठाच्या नाल्यात पडलेल्या मुलाला हात टेकायला जागाच नसते. उथळ आणि ओळखीचं पाणी गेलं, खोल आणि अनोळखी आलं. आणि नेमक्या त्याच काळात शेती, मीठ आणि मासेमारी आटत गेल्याने काठावरची मोठी माणसंही नोकरीला, गाडीवर, यार्डात गेली. त्यात यूपी-बिहार, मराठवाड्यातून आलेल्या मजुरांची मुलं. त्यांच्या आईबापांना तर भरती म्हणजे काय हेही ठाऊक असायचं कारण नाही.

देशाचा आकडा लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या ३८ हजारांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. पोहायला शिकवा म्हणून सांगणाऱ्यांनी या चौथ्या हिश्श्यापाशी थांबावं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पोहायला शिकवून भागत नाही. त्याला बादली पुरते, पाण्याची टाकी पुरते, अंगणाबाहेरचं डबकं पुरतं. सुंदरबनात केलेल्या एका मोठ्या पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत बुडण्याचं प्रमाण दर लाखामागे २४४ च्या आसपास आढळलं. मुलं लांब कुठे गेली नव्हती. घराजवळच्याच तळ्यात, आई स्वयंपाकात किंवा कामात असताना, दिवसाउजेडी ती बुडाली.

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे: आईने लक्ष नको का ठेवायला? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा खाणकामगार बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, कामावर जायचं आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकट्याला सोडायचं. त्या मोठ्या मुलीचं वय सात. बुडणारं लहान मूल आवाज करत नाही. सिनेमात दाखवतात तसं हात हलवून ओरडत नाही. पाठ वळल्यापासून मिनिटभरात सगळं उरकतं. चोवीस तास एका बाईचे दोन डोळे पुरवायचे, ही व्यवस्था नव्हे. ती फक्त दोष द्यायची सोय आहे. बांगलादेशने हे ओळखलं. तिथे गावातल्याच बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात लहान मुलं एकत्र सांभाळायची केंद्रं काढली गेली, कारण बुडण्याची वेळ हीच. जिथे ती चालली तिथे लहान मुलांचं बुडणं फार मोठ्या प्रमाणात कमी झालं, इतकं की २०२२ मध्ये सरकारने १६ जिल्ह्यांत अशी ८,००० केंद्रं चालवायचा प्रकल्प मंजूर केला. आपल्याकडे अंगणवाडी १९७५ पासून आहे. इमारत आहे, सेविका आहे, पटावर मुलं आहेत. तिची वेळ दुपारपर्यंत वाढवणं, तीन वर्षांखालच्यांनाही तिथे ठेवून घेणं, त्यासाठी आणखी एक मदतनीस आणि तिला पुरेसं मानधन देणं, एवढंच करायचं आहे. पाळणाघराची सक्ती तर खाणींसाठीच्या नियमांत १९६६ पासून आहे. उरण-पनवेलच्या किती खाणींवर पाळणा हलतो, हे तपासायला कुणी जात असेल तर त्याचा अहवाल गावाला दाखवावा.

मोठ्या मुलांच्या बाबतीत प्रशासनाचं आवडतं उत्तर म्हणजे बंदी. पावसाळा आला की रायगड, पुणे, ठाण्याचे जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि धरणांवर मनाईचे आदेश काढतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले, ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली लहानमोठी पाच माणसं वाहून गेली. प्रत्येक वेळी त्यानंतर बंदी, फलक आणि चार दिवस पोलीस. मनाईचा फलक मुलाला अडवत नाही. तो बसवणाऱ्याला मात्र चौकशीत उपयोगी पडतो. आणि मुलांनी पाण्यात जाऊच नये असं म्हणायचं असेल तर मे महिन्यात त्यांनी जावं कुठे? तालुक्यातल्या साध्या घरातल्या मुलाला परवडेल असा पोहण्याचा तलाव शोधून दाखवा. पिरवाडीच्या, नागावच्या किनाऱ्यावर वर्षभर पगारी जीवरक्षक बसवणं बंदीपेक्षा महाग आहे हे खरं, पण ते काम आहे आणि बंदी हा कागद आहे.

हे जमत नाही असं कुणी म्हणू नये, कारण वर्षातून काही दिवस ते आपण उत्तम करतो. गणपती विसर्जनाला उरणचा विमला तलाव बघा, मोऱ्याचा किनारा बघा. दिवे लागतात, दोर बांधले जातात, पट्टीचे पोहणारे पाण्यात उभे असतात, पोलीस आणि नगरपालिकेची माणसं पहाटेपर्यंत जागी असतात. कडेवर पोर घेतलेल्या बाईला कुणीतरी मागे सारतं. कोणत्या काठावर कोण जबाबदार हे त्या दिवशी लिहून ठरलेलं असतं. अनंत चतुर्दशीची रात्र संपली की दोर सुटतात, दिवे निघतात. तेच पाणी, तीच पायरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा बुडवून आलेली तीन मुलं.

१८ डिसेंबर २०२४ ला जे झालं ते याच तालुक्याच्या दारात झालं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले, त्यांत सहलीला आलेल्या कुटुंबांतली लहान मुलंही होती. वाचलेल्यांपैकी अनेकांना जेएनपीएच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या रुग्णालयात आणलं गेलं. मदतीला पोचलेल्या सीआयएसएफच्या जवानांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बोट बुडते आहे हे पाहून काही आईबाप आपली मुलं समुद्रात टाकायला निघाले होते, आणि जवानांनी त्यांना तसं करू नका म्हणून थांबवलं. त्या आईबापांना वेडं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पोराच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही, आपल्याला पोहता येत नाही, बोट खाली जातेय. त्या क्षणी विचार करायला काय उरतं? पण त्या बोटीत शंभरावर माणसं होती, आणि मंजूर क्षमतेहून ती जास्त होती. जॅकेट अंगावर घालण्याची सक्ती अपघातानंतर आली. आधी आली असती तर स्पीडबोट आदळली नसती असं नाही, पण पाण्यात पडलेल्या मुलाला तरंगत राहायला काही मिनिटं मिळाली असती. ही सक्ती आज मोऱ्याच्या आणि करंजा-रेवसच्या लाँचवर किती पाळली जाते हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. लहान मुलाच्या मापाची जॅकेटं वेगळी लागतात, हेही लाँचवाल्याला विचारावं. मोठ्याचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

वाचवण्याच्या बाबतीत मात्र दोष आपल्या सगळ्यांचा आहे, आणि तो पैसे न लावता सुधारता येतो. एक मूल पाय घसरून पडतं, दुसरं त्याला ओढायला जातं, तिसरं त्या दोघांना. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला खाली ढकलून वर यायला बघतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. म्हणून मुलांना पहिलीपासून एकच गोष्ट पाठ करून घ्यायला हवी: उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि जे असेल ते फेकायचं. दोर, ओढणी, बांबू, जाळ्याचा बोया, तेलाचा रिकामा बंद डबा. बाहेर काढलेल्या मुलाला पाय धरून उलटं करणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे आजही गावोगाव होतं आणि ते घातक आहे. त्यात हातची मिनिटं जातात, आणि श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मूल श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, आणि हे दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबवायचं नाही. कोळीवाड्यातल्या प्रत्येक तरुणाला, लाँचवरच्या प्रत्येक खलाशाला हे हातांनी करता यायला हवं. एका दुपारचं शिक्षण आहे.

पोहण्याबद्दल थोडं. नव्या मुंबईचे धारण तलाव आणि बांध हे डच पद्धतीचे म्हणून ओळखले जातात. ज्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे त्या देशाकडून आपण पाणी अडवायची युक्ती घेतली. पण तिथली मुलं अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहायला शिकतात, तशी परीक्षा देतात, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याच्या पोशाखात पडत नाही. ही सवय आपण उचलली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथी-पाचवीच्या मुलांना कपड्यांसकट दोन-तीन मिनिटं पाठीवर तरंगता आलं आणि काठ गाठता आला तरी पुष्कळ झालं. शर्यती नंतर. शिकवायला करंज्याच्या माणसांपेक्षा चांगले गुरुजी कुठून आणणार? त्यांना मानधन द्यावं, आणि तिथीचं गणितही त्यांच्याच तोंडून शाळेत यावं.

तरीही मी शिकवण्यावर सगळा भार टाकणार नाही, कारण मग पुन्हा जबाबदारी मुलाच्याच खांद्यावर जाते. २००६ मध्ये हरयाणात पाच वर्षांचा एक मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि वाचला. तसे अपघात होत राहिले, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: खणण्याआधी कळवा, भोवती कुंपण घाला, फलकावर खणणाऱ्याचं आणि मालकाचं नाव लिहा, काम सोडलं की भोक बुजवा. मुलांनी भोकाकडे जाऊ नये असं न्यायालय म्हणालं नाही. ज्याने भोक पाडलं त्याला न्यायालयाने बांधलं. पाण्याने भरलेल्या खड्ड्याला हाच न्याय का नसावा? बंद खाणीला कुंपण घालण्याची अट नियमांत आहे; ती पाळून घेतली जात नाही. बांधकामाच्या खड्ड्याला, भरावाच्या कडेच्या तळ्याला, धारण तलावाला, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला मालक असतो, ठेकेदार असतो, सिडको असते, बंदर प्राधिकरण असतं. कुंपण, एका बाजूने उतरता काठ, उभ्या भिंतीला साखळी नाहीतर शिडी, खांबाला अडकवलेला दोर आणि बोया, फलकावर मालकाचं नाव आणि फोन. याचा खर्च त्या प्रकल्पाच्या खर्चात दिसणारही नाही.

कुणी सुरुवात करायची, तर ग्रामपंचायतीने. १ मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी येते. त्या दिवशी गावाने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक साठलेल्या पाण्याची यादी करावी: जागा, खोली, खणलं कुणी, जमीन कुणाची, काठ कसा, जवळची वस्ती किती पावलांवर. यादी ठराव म्हणून मंजूर करावी आणि तहसीलदार, सिडको, जेएनपीए, खनिकर्म विभाग यांना पोचपावती घेऊन द्यावी. पंधरा दिवसांत कुंपण झालं नाही तर पुन्हा लिहावं. आणि त्यानंतर त्या यादीतल्या एखाद्या खड्ड्यात मूल बुडालं, तर पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद करून फाइल मिटवू नये. ठराव पुढे ठेवून, ज्याच्या नावासमोर तो खड्डा लिहिला आहे त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करावा.